अर्धा कोयता

साखर कारखान्यात कोयता म्हणजे दोन माणसं. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. दिवाळीनंतर पाथर्डीकडून, बीडकडून ऊस तोडायला जी माणसं येत ती नवरा-बायकोच्या जोडीनं येत आणि त्या जोडीला कारखान्याच्या कागदावर 'एक कोयता' म्हणत. टोळीत वीस कोयते, म्हणजे चाळीस माणसं. बरोबर पोरं असत, एखादी म्हातारी सासू असे, पण ती कागदावर नसत. मी कारखान्याच्या अकौंट खात्यात लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मला हे समजावून सांगितलं आणि मी मान डोलावली. त्यात काही खटकण्यासारखं आहे असं मला मुळीच वाटलं नाही.

त्याच खात्यात मी पुढे चढत गेलो. डेप्युटी झालो, चीफ अकौंटंट झालो, मग एका मोठ्या संस्थेचा सगळा अर्थव्यवहार माझ्या सहीनं चालू लागला. आता निवृत्त झाल्यावर कॉमर्स कॉलेजवाले अधूनमधून बोलावतात. या क्षेत्रात माणूस वर कसा जातो ते मुलांना सांगा म्हणतात. मी सांगतो. वेळेवर या, अक्षर नीट ठेवा, कागदावर विश्वास ठेवण्याआधी जागेवर जाऊन बघा. मुलं वहीत उतरवून घेतात आणि प्राचार्य मला अनुभवसंपन्न वगैरे म्हणतात. माझी पहिली बढती मला कशी मिळाली ते मात्र मी कुठल्याच कॉलेजात सांगितलेलं नाही. घरीही नाही. मला त्याची लाज वाटते. इतकी वर्षं गेली तरी ती कमी झाली नाही, आणि तोंडानं सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितो आहे.

मी बेलापूरचा. वडील शाळामास्तर, आजोबा कारकून, म्हणजे आमच्या घरात लेखणीवरच पोट. नगरला राहून मी बी.कॉम. केलं आणि जवळच्याच एका कारखान्यात ज्युनिअर क्लार्क म्हणून चिकटलो. मला रकान्यांचा नाद होता. कोरा कागद आणि फूटपट्टी घेऊन बसलो की जेवणाची शुद्ध राहत नसे. खात्यातले लोक चेष्टा करत, याच्या लग्नपत्रिकेतसुद्धा एका बाजूला जमा आणि एका बाजूला नावे छापलेलं असेल. मला ती चेष्टा आवडायची. आपण या बाकीच्यांपेक्षा वेगळे आहोत, आपण इथे टेबलावर डोकं ठेवून म्हातारे होणार नाही, अशी माझी खात्री होती. आणि ती खात्री मी चेहऱ्यावर घेऊन फिरायचो, हेही कबूल करतो.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा माझ्या नोकरीला दोन वर्षं झाली होती आणि लग्नाला एक. कालव्याला भंडारदऱ्याचं पाणी पाळीपाळीनं सुटत होतं. ऊस उभ्या जागी पिवळा पडला होता, पण जेवढा होता तेवढा गाळायचाच, म्हणून हंगाम सुरू झाला. बाजारातून ज्वारी नाहीशी झाली. रेशनवर परदेशी लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाल्ल्यावर पोटात दगड बसायचा. तोडणीची माणसं तोड सोडून सरकारी कामावर खडी फोडायला जातील अशी कारखान्याला धास्ती होती. म्हणून ठरलं की हंगामभर कारखान्याच्या गोदामातून दर कोयत्याला आठवड्याचं धान्य सवलतीनं द्यायचं. प्रत्येक कोयत्याला एक कार्ड. बाजारभाव आणि सवलतीचा भाव यांतला फरक कारखाना सोसणार. तो फरक किती जातो यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

मी काय केलं, तर गोदामाचं धान्याचं रजिस्टर आणि शेतकी खात्याचं हजेरीचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून ओळीनं ताडून पाहिलं. हे कुणी सांगितलं नव्हतं. हुशार माणूस सांगितल्यापेक्षा जास्त करतो, हे मी तेव्हा मानत असे. पाहिलं तर बऱ्याच कोयत्यांत जोडीपैकी एकच माणूस फडात तोडायला होता आणि धान्य मात्र दोघांचं उचललेलं होतं. दुसरं माणूस तापानं पडलेलं असेल, पाय कापून घेतलेला असेल, बाई बाळंत झालेली असेल. हजेरीत त्याचं कारण लिहायला रकाना नव्हता आणि मलाही तो हवा आहे असं वाटलं नाही. मला राग आला. अगदी खरा राग. लोकांना अन्न मिळत नाही आणि हे लोक न केलेल्या कामाचं धान्य पदरात पाडून घेतात, असं मी त्या दिवशी घरी ताटावर बसून तावातावानं बोललो.

मग मी एक फॉर्म आखला. कोयता नंबर, मुकादमाचं नाव, आणि पुढे तीन रकाने : पूर्ण, अर्धा, गैरहजर. मुकादमानं दर आठवड्याला भरायचा. कोयता पूर्ण असेल तर पूर्ण धान्य, अर्धा असेल तर अर्धं. इतकं सोपं होतं की ते पाहून माझंच मला कौतुक वाटलं.

आमचे हेड अकौंटंट त्या हंगामानंतर निवृत्त होणार होते. ते गेले की डेप्युटी त्यांच्या जागी जाणार आणि डेप्युटीची खुर्ची रिकामी होणार, हे खात्यातल्या टाइपरायटरलासुद्धा ठाऊक होतं. मी फॉर्म आधी त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, सगळ्या बेरजा पुन्हा केल्या.

"बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हा कागद वर नेऊ नका."

"का पण, साहेब?"

"खाणारी तोंडं दोन नसतात हो त्यांच्यात. चार असतात, पाच असतात. आपण दोघांचं देतो, त्यात ती सगळी भागवतात. त्याचं अर्धं केलंत तर काय राहील?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला हे इतक्या वर्षांत सुचलं नाही म्हणून पोटात दुखतंय. दुसऱ्या दिवशी ते कोर्टाच्या कामाला नगरला गेलेले असताना मी फॉर्म घेऊन सरळ मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, बेल मारून चहा मागवला आणि मला बसायला सांगितलं. त्या केबिनमध्ये खुर्चीवर बसण्याची माझी ती पहिलीच वेळ.

"हे आजवर कुणाच्या लक्षात आलं कसं नाही?" ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यापासून फॉर्म सुरू झाला. धान्याचा खर्च उतरला. महिन्याच्या पत्रकात ती ओळ मी लाल शाईनं अधोरेखित करून पाठवली. कोणाच्या चुलीवर काय कमी शिजलं ते पत्रकात दिसत नाही आणि मी पत्रकाबाहेर पाहत नव्हतो. हेड अकौंटंट नगरहून आल्यावर मला 'या, बसा' म्हणेनासे झाले, आणि मी त्यांच्यावर चिडलो.

फेब्रुवारीत मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. मुकादम खोटे 'पूर्ण' लिहून धान्य उचलतात अशी कुणकुण त्यांच्या कानावर आली होती.

"तुम्ही स्वतः फडावर जा. पाच-सहा टोळ्या तपासा. जिथं जे दिसेल ते लिहा. तुमचा शेरा अखेरचा, त्यावर मी कुणाचं ऐकणार नाही. महिनाअखेर संचालकांची मीटिंग आहे, त्यात तुमचा रिपोर्ट ठेवतो. आणि डेप्युटीच्या जागेसाठी तुमचं नावही."

त्याच आठवड्यात संगमनेरजवळच्या अकोल्याहून सासऱ्यांचं पत्र आलं. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, तिला मुलगी झाली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप होती. मी खात्यात पेढे वाटले. बारशाला जाण्यासाठी पाच दिवसांची पगारी रजा मागितली, ती जागच्या जागी मंजूर झाली. मॅनेजरसाहेब म्हणाले, तपासणी उरका आणि मग निवांत जा.

तपासणीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी जीपनं एका फडावर गेलो. टोळी पाथर्डीकडची होती. उसाच्या पाचटावरून चालायची मला सवय नव्हती, नव्या बुटांत सारखा घसरत होतो. मुकादम पुढे येऊन हात जोडून उभा राहिला. मी जीपच्या बॉनेटवर मागच्या दोन आठवड्यांचे फॉर्म पसरले आणि ओळीनं ताडत गेलो. एका कोयत्याशी माझं बोट थांबलं. मागच्या आठवड्यात अर्धा, या आठवड्यात पूर्ण. तपासणी करणाऱ्याचं बोट थांबावं अशीच ती जागा होती.

"हा अर्धा होता. आठ दिवसांत पूर्ण कसा झाला?"

"बाळंत झाली हुती, सायेब," मुकादम म्हणाला. "आता येतीय कामाला."

"किती दिवस झाले?"

"परवाच पाचवी पुजली की."

पाचवी परवा, म्हणजे आजचा सातवा दिवस. हा हिशेब माझ्या डोक्यात लगेच झाला, हिशेब मला पटकन होतात. माझी स्वतःची मुलगी त्या दिवशी पाच दिवसांची होती. यावर काय बोलायला हवं होतं ते कुठल्याही माणसाला कळेल.

मी म्हणालो, "दाखवा."

मुकादमानं हाक मारली. फडाच्या पलीकडच्या टोकाकडून एक बाई चालत आली. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधली होती, येताना तिनं तिच्यात एकदा डोकावून पाहिलं. वय विशीच्या आसपास असेल. कानांवरून फडकं घट्ट बांधलेलं होतं आणि चेहरा पिवळा होता. पाय जरा फाकवून टाकत होती. जीपपासून चार हातांवर येऊन ती थांबली.

"तू रोज येतेस?" मी विचारलं. माझ्या बहिणीच्या वयाची बाई होती, पण मी तिला एकेरीतच बोललो.

"व्हय."

"कधीपासून?"

"चार दिस झालं."

मी फॉर्मकडे पाहिलं. पेनाचं टोपण काढलेलं होतं आणि मी लगेच काही लिहिलं नाही, इतकंच. तिनं त्याचा अर्थ असा घेतला की साहेबाचा विश्वास बसत नाही.

"बगा की, सायेब," ती म्हणाली. "म्या तोडतीय न्हवं? मंग अर्धा कामून लिवायचा? आठ दिस झालं, अर्ध्या दान्यावर हाओत समदे. दोन पोरं हायेत, सासू हाय."

आणि ती वळली, पाचटावर ठेवलेला कोणाचा तरी कोयता तिनं उचलला, वाकली, आणि माझ्यासमोर ऊस तोडायला लागली.

एक बेट तोडलं. कांड्यांवरचं पाचट सोललं, शेंडे उडवले, ऊस बाजूला टाकले. दुसरं बेट धरलं. दोन सऱ्या पलीकडे तिचा नवरा हात थांबवून उभा होता. तो माझ्याकडे न बघता मुकादमाला म्हणाला, "म्या म्हन्लं हुतं, ऱ्हा खोपीत. ऐकना. आन् ऐकून तरी खायाचं काय?" टोळीतली जवळची माणसंही थांबली होती. ती सगळी माझ्याकडे बघत होती, कारण तिला थांब म्हणण्याचा अधिकार तिथे माझ्या एकट्याकडे होता.

तिसरं बेट तोडताना ती वाकली तेव्हा मला तिचा पाय दिसला. घोट्याशी धूळ होती आणि तिच्यातून रक्ताचा ओघळ उतरून टाचेपर्यंत आला होता. मी तो बघितला हे तिनं बघितलं. तिनं डाव्या हातानं लुगडं खाली ओढलं आणि उजव्या हातानं आणखी एक ऊस तोडला. मग ती सरळ उभी राहिली.

"लिवलं का, सायेब?"

मी लिहिलं. 'कोयता पूर्ण. समक्ष पाहिले.' खाली सही केली, तारीख घातली.

माझा शेरा अखेरचा होता, हे मला स्वच्छ शब्दांत सांगितलेलं होतं. महिनाभर झोपडीत पडून राहा, मी पूर्ण लिहितो, असं मी म्हटलं असतं तर त्या एका ओळीसाठी मला जाब विचारणारा कुणी नव्हता. मी घाबरलो होतो असंही म्हणता येत नाही. तसं म्हणायला बरं वाटेल, पण ते खोटं आहे. जीपमध्ये बसताना माझ्या मनात जे होतं ते मला नीट आठवतं आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. मला समाधान वाटत होतं. नोंद जुळली होती. मुकादम खोटं बोलत नव्हता आणि माझा फॉर्म बरोबर चालत होता. पुढच्या फडावर जाईपर्यंत मी ड्रायव्हरशी मुलीचं नाव काय ठेवावं यावर बोलत होतो.

रक्ताची आठवण त्या दिवशी मला त्रास द्यायला आली नाही. ती नंतर आली, आणि मग गेली नाही.

रिपोर्ट मीटिंगपुढे गेला. जागेवर जाऊन, समक्ष पाहून शेरा मारणारा अकौंटंट आपल्याकडे आहे याचं संचालकांना फार कौतुक वाटलं. एका संचालकांनी तर 'समक्ष पाहिले' हे शब्द मोठ्यानं वाचून दाखवले म्हणे. डेप्युटीची जागा मला मिळाली. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षं जुने दोन लोक मागे राहिले. तिथून पुढचं सगळं त्या जागेवरून मिळत गेलं, प्रत्येक पुढच्या मुलाखतीत मी तपासणीचा तो रिपोर्ट सांगितला आणि प्रत्येक वेळी समोरच्यांनी माना हलवल्या.

अर्ध्याचा रकाना मी पुढे रद्द केला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी केला नाही. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, बाजारात ज्वारी आली, सवलतीचं धान्य बंद झालं आणि त्याच्याबरोबर फॉर्मही आपोआप बंद झाला. त्या बाईचं पुढे काय झालं, बाळाचं काय झालं, मला माहीत नाही. मुकादम पुढचे दोन हंगाम येत होता. त्याला विचारलं असतं तर कळलं असतं. तो बिलासाठी माझ्या टेबलापुढे उभा राहायचा आणि मी मान वर न करता कागद पुढे सरकवायचो.

हेड अकौंटंट निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी आशीर्वाद दिला, पण माझ्याकडे न बघता. तेव्हा मला तो त्यांचा हलकेपणा वाटला होता.

त्या फेब्रुवारीतलं आणखी एक सांगायचं आहे, आणि ते टाळायचा मी बराच प्रयत्न केला.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीनं संगमनेरला गेलो आणि तिथून अकोल्याची गाडी पकडली. उद्या बारसं होतं. सासुरवाडीला पाऊल टाकताच बढतीची बातमी सांगितली. सासूबाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. मुलगी पायगुणाची म्हणून शेजारच्या बायका तिला बघून गेल्या. सासऱ्यांनी विचारलं, एवढ्या लवकर कशी काय मिळाली? मी म्हणालो, "कामावर नजर होती साहेबांची." मग मी आतल्या खोलीत गेलो. खोलीत शेकाचा आणि ओव्याच्या धुरीचा वास होता. बायको खाटेवर जाड गोधडीत पडली होती, उशाशी डिंकाच्या लाडवांचा डबा होता. सासूबाई तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हत्या, सव्वा महिना देणारही नव्हत्या.

मला बघून ती हसली. एवढ्या लांबून आलात, पाणी तरी आणते, म्हणाली आणि गोधडी बाजूला करून तिनं एक पाय जमिनीवर टेकवला.

मी जवळजवळ ओरडलोच. "उठू नकोस! अकरा दिवस झालेत फक्त. पडून राहा."

दारातल्या बायका हसल्या. जावई किती जपतात, असं कुणीतरी म्हणालं. बायको लाजली आणि पुन्हा पडून राहिली. मीही हसलो. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं, की हे शब्द मला येत होते.